खिडकीकडची रिकामी बाजू

शारजात अल मजाजच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीत आमचा अर्धा हॉल होता. अर्धा म्हणजे खरोखर अर्धा. मधोमध छतापर्यंत प्लायवुडची भिंत. अलीकडे अब्बा, अम्मी, मी आणि धाकटी बहीण. पलीकडे पुण्याकडचे एक नवराबायको. खिडकी त्यांच्या बाजूला गेली होती, त्यामुळे आमच्याकडे भर दुपारीसुद्धा ट्यूबलाइट. अम्मी कपडे पंख्याखाली वाळवायची आणि आम्ही ओल्या ओढण्यांखाली मान वाकवून अभ्यासाला बसायचो. गरिबी होती. तिची मला लाज नाही आणि कौतुकही नाही.

असं घर वाटून राहणं कायद्यात बसत नाही. बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची, माणसं तपासणीला आली की खलास. घर जाणार, अम्मी आम्हा दोघींना घेऊन रत्नागिरीकडे गावी परतणार, माझी शाळा तिथेच संपणार. म्हणून आम्हाला लहानपणापासून शिकवण एकच: घरात किती माणसं असं कोणी विचारलं, तर हसायचं आणि पाणी प्यायला उठायचं.

अब्बा ज्या शाळेची बस चालवत तिथेच मी शिकत होते. ड्रायव्हरच्या मुलीला फी माफ. शाळा अमेरिकन पद्धतीची: पिवळ्या बस, लोखंडी लॉकर, टेबलावर बसून शिकवणारे सर. अब्बांना त्या माफीचाच संशय होता. "फुकट कोणी भाकरीचा तुकडा देत नाही गो. हे लोक कधीतरी काहीतरी मागणार. बघ तू."

नववीत मागितलं. भूमितीच्या मॅडम अमेरिकेतल्या कुठल्याशा उपनगरातल्या सरकारी हायस्कूलमध्ये वर्षानुवर्षं शिकवून इकडे आल्या होत्या. तिथे म्हणे प्रत्येक मूल आपलं घर टेपने मोजून त्याचा नकाशा काढतं. दारं, खिडक्या, सामान, कोण कुठे झोपतं, सगळं.

मी घरी सांगितलं तेव्हा अब्बांचा घास हातातच राहिला. "कोण कुठे झोपतं? हे भूमितीत येतं?"

"इट्स जस्ट अ प्रोजेक्ट, अब्बा."

"प्रोजेक्ट! मग घराची चावीच दे ना नेऊन."

प्लायवुडपलीकडून पुण्याची भाभी बोलली. आमच्या त्या भिंतीला कान होते तसं तोंडही होतं. "भाईजान, मला झोपलेली दाखवू नका हां. मी घोरते ते अमेरिकेपर्यंत जाईल!"

कोणीही हसलं नाही. अब्बांनी निकाल दिला: कागदावर प्लायवुड नको, भाभीचा संसार नको. हॉल अख्खा दाखवायचा, माणसं फक्त आपली.

मी तसंच केलं. टेपचं पलीकडचं टोक भाभीनेच धरलं. मापं मी इंचाइंचाने घेतली, कारण चुकीचं माप लिहिणं मला आवडत नाही. पण सामान मी जिथे होतं तिथेच काढलं. चार माणसं, कपाट, शिलाई मशीन, स्वयंपाकाचे डबे, सगळं एका बाजूला चेपलेलं. खिडकीकडची बाजू कोरी.

मॅडमनी नकाशा बराच वेळ पाहिला. "तुम्ही सगळे खिडकीपासून इतके लांब का राहता?"

"ऊन येतं," मी म्हणाले.

त्यांनी नकाशा ठेवून घेतला. वडिलांना गुरुवारी भेटायला बोलावलं. वर म्हणाल्या, "नथिंग राँग."

"काही चूक नाही म्हणून कोणी बापाला बोलावतं का?" अब्बांचा चेहरा उतरला. "मला तिकडे बसवून ठेवतील आणि इकडे बलदियावाले येतील. हाच डाव आहे."

गुरुवारी सकाळी त्यांनी प्लायवुडचे स्क्रू काढले. फळ्या खाटेखाली सरकवल्या. भाभी आणि तिचा नवरा बॅगा घेऊन जवळच्या तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसले. खाली नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, विचारू लागला, तर भाभी म्हणाली, "फिरायला चाललो. बॅगांनापण हवा लागते, भैया."

अब्बा शाळेत रोज यायचे, पण बसच्या आवारापलीकडे कधीच गेले नव्हते. मॅडमसमोर खुर्चीच्या कडेवर बसले. मॅडमनी माझा नकाशा टेबलावर पसरला. अब्बांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"यातली मापं सगळी जुळतात," त्या म्हणाल्या. "मोठ्या मुलांचीही जुळत नाहीत. पुढच्या वर्षी हिला ड्राफ्टिंगच्या, म्हणजे इमारतींचे नकाशे काढण्याच्या, वर्गात घालायचं आहे. तुमची सही हवी."

"और घर?" अब्बांनी हिंदीत विचारलं. मी ते इंग्रजीत सांगितलं.

"घराबद्दल मला काही विचारायचं नाही."

अब्बांनी सही केली. बाहेर येताना माझ्या कानाशी म्हणाले, "हिला सगळं कळलंय. मग बोलली का नाही? यात काहीतरी आहे."

घरी आलो तर अम्मी खिडकीपाशी जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. तिच्या हातांवर ऊन पडलं होतं. त्या घरात अम्मीला उन्हात बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भाभी परतली, ती दारातच थबकली. अब्बा फळ्या उभ्या करू लागले.

"अब्बा, वरची फळी लावू नका," मी म्हणाले. "वर हातभर जागा सोडा. त्यांचा आडोसा राहील आणि उजेड आपल्याकडे येईल."

"आणि आवाज?"

भाभी म्हणाली, "आमची भांडणं तुम्हाला तशीही पाठ आहेत, भाईजान. सोडा जागा."

वरची फळी परत लागली नाही. त्या दिवसापासून दुपारी आमची ट्यूबलाइट बंद असायची.

बलदियाचं कोणी आलं नाही. अब्बा मात्र वाट बघत राहिले. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की बोलता बोलता गप्प व्हायचे. मी ड्राफ्टिंग घेतलं, त्यावर इथल्याच कॉलेजात स्कॉलरशिप मिळाली, तेव्हाही त्यांनी विचारलं, "बदल्यात काय मागतात?" डिग्रीचा कागद त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरून शिक्का खरा आहे का ते पाहिलं, मग माझ्याकडे दिला.

शिक्का खरा होता. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि आज मी आर्किटेक्ट आहे. आम्ही चौघं दोन खोल्यांच्या पूर्ण घरात राहतो, आणि दोन्ही खोल्यांना खिडकी आहे.