ग्रहण पाळलं नव्हतंस?

दातांच्या दवाखान्यात सहाएक वर्षांची एक मुलगी काचेच्या टाकीतले मासे बघून खदखदा हसत होती. विरळ केस, बसकं नाक, तोंडात दोनच दात, तेही सुळ्यांसारखे टोकदार. "जन्मापासूनच आहे, दुर्मिळ जनुकीय आजार," आई म्हणाली. तरी शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलंच, "पोटात असताना ग्रहण पाळलं नव्हतंस?"

"पाळलं होतं हो," आई पाठ केल्यासारखं म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. वेगळा चेहरा दिसला की आपल्याला आधी आईचा गुन्हा हवा असतो. बाई स्वतः कवळी बसवायला आल्या होत्या. त्यांचे दात कुठल्या ग्रहणात पडले, हे कुणी विचारलं का त्यांना? मीही नाही विचारलं.

मुलगी अजून हसत होती, पण आता तोंडावर हात ठेवून.