तिसरा अंक राहिला

बाई गेल्याचं टीव्हीवर दाखवलं तेव्हा मी भात कालवत होतो. त्यांच्या चित्रपटांतले तुकडे दाखवले. आधी नायिकेची बहीण, मग वहिनी, मग आई, शेवटी मालिकेतली आजी. मी भात संपवला, ताट धुतलं. काही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात जत्रेची बैठक होती. डिंभ्याच्या रस्त्यावर आमच्या गावाने नवा रंगमंच बांधलाय, त्याला बाईंचं नाव द्यावं असं एकाने सुचवलं. माझा पुतण्या उठला.

"निम्म्या नाटकातून पळालेल्या बाईचं नाव देताय व्हय राव? शूटिंगची गाडी आली आन् गेली. विचारा आमच्या तात्यांना, ते व्हते तिथं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मान डोलावली. विषय संपला.

बाई पळाल्या नव्हत्या. पळाल्या असं मी सांगितलं होतं.

तेव्हा जत्रेचं नाटक गावातलेच पुरुष करायचे आणि नटी पुण्याहून मागवायची. बाई पुण्यात रंगभूमीवर नाव कमावत होत्या, चित्रपटांत नुकती कामं मिळू लागली होती. तरी त्या आमच्याकडे यायच्या. दुपारी एसटीतून उतरायच्या आणि आमच्या ओट्यावर एकच तालीम घ्यायच्या. नायक माझा चुलतभाऊ. त्याला वाक्यं आठवायची नाहीत. मग बाईच म्हणायच्या, "तुम्ही हेच म्हणणार ना, की घर विकायचं?" आणि हा खूश होऊन म्हणायचा, "व्हय व्हय, तेच!" लोकांना ते नाटकातलंच वाटायचं.

माईक माझ्याकडे असायचा. कुणी बक्षीस दिलं की प्रवेश थांबवून मी त्याचं नाव पुकारायचो. नटीने पुढे यायचं, देणाऱ्याला नमस्कार करायचा, मग नाटक पुढे. त्या वर्षी बाईंनी मला आधीच बाजूला घेतलं.

"दादा, तिसऱ्या अंकात मी नवऱ्याच्या प्रेताजवळ बसते. तेवढ्यात नावं नका पुकारू. अंक संपला की हवी तेवढी पुकारा."

मी हो म्हणालो.

नेमक्या त्या प्रवेशात गावातल्या एका वजनदार माणसाने बक्षीस पाठवलं. तो पहिल्या रांगेत बसला होता. मी नाव पुकारलं. बाई उठल्या नाहीत. मी पुन्हा पुकारलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, उठा की! मेलेला कुठं पळून चाललाय?" मांडव हसला. प्रेत झालेला माझा चुलतभाऊही एक डोळा उघडून हसला. बाईंनी हलक्या हाताने त्याचा डोळा मिटला आणि रडणं चालू ठेवलं.

तो माणूस उठून जायला निघाला. मी घाबरलो आणि पडदा पाडायला सांगितला. माईकवर म्हणालो, "बाईंना मुंबईहून शूटिंगची गाडी आली, त्या गेल्या."

पडद्यामागे बाई तशाच बसून होत्या. "दादा, अंक राहिलाय," एवढंच म्हणाल्या. मी माईकची वायर गुंडाळत राहिलो. पुढे त्या रंगपटात तोंडाचा रंग न पुसता बसून राहिल्या, कुणी बोलवेल म्हणून. सकाळी गाव उठायच्या आत पहिल्या एसटीने गेल्या.

ती गोष्ट आळेफाट्यापर्यंत पोचली. नटी ठरवणारे म्हणू लागले, ती नको, मधेच जाते. मीही चहाच्या टपरीवर ती रंगवून सांगायचो. दर वेळी गाडी मोठी होत गेली. बऱ्याच वर्षांनी टीव्हीवर कुणीतरी बाईंना विचारलं, जत्रेतली नाटकं का सोडलीत? त्या म्हणाल्या, "मी नाही सोडली. बोलावणं येईना."

काल हे सगळं पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "तात्या, आता कशाला? बाई तर गेल्या. तुमचंच हसं व्हईल."

होऊ दे. नावाचं काय ते गाव ठरवील. यंदा जत्रेत नाटकाआधी मी हे सगळं लिहिलेला हा कागद माईकवरून वाचणार आहे. बक्षिसं आता पुतण्या पुकारतो, त्याला एकच सांगितलंय, मी वाचत असताना कुणाचंही नाव पुकारायचं नाही.