भागोजीचा स्विच आणि रावजींचं गाऱ्हाणं

वायरमन भागोजीला कातळाच्या सड्यावरची सगळी वाडी ‘नको’ या एका शब्दाने ओळखत असे. मिक्सरच्या प्लगवर पाण्याची मोटर लावू का? नको. अर्थिंगशिवाय चालेल का? नको. तीस वर्षांत त्याच्या हातच्या एकाही घरात कुणाला शॉक बसला नव्हता, आणि न बसलेल्या शॉकबद्दल कोण कुणाचे आभार मानतो?

शिमग्याला गंगुबाईचा मुलगा संदेश मुंबईहून विजेवरची गाडी घेऊन आला. तिचा चार्जर घरापुढच्या खळ्यात बसवायचा होता. साऱ्या घराला लागते त्याहून जास्त वीज हा एकटा खाणार. पडवीतल्या प्लगवर भागेल, असं संदेशचं मत. भागोजी नको म्हणाला. त्याने आधी मंजूर भार वाढवून घ्यायला लावला, मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली, दोन दिवस कातळ फोडून अर्थिंगचा खड्डा केला. शेवटी मीटरजवळ एक स्विच बसवला. वीज कुठे गळली, की माणसाला कळायच्या आत पुरवठा तोडणारा. संदेशला ती उगाचची भर वाटली.

“बाकी काय हवं ते बदल,” भागोजी म्हणाला, “हा तेवढा काढू नको. गंगुकाकी खळ्यात अनवाणी वावरतात.”

चार्जरच्या मुहूर्ताला देवाला गाऱ्हाणं घालायला वाडीचे मानकरी रावजी आले. चार्जरशेजारच्या, वायरींचे जोड असलेल्या लोखंडी डब्याचं झाकण पूजेसाठी उघडलं होतं. नारळ पायरीवर फोडावा, असं भागोजीने हळूच सुचवलं. रावजींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. नारळ कुठे फोडायचा हे वायरमनने सांगायचे दिवस वाडीत अजून आले नव्हते. भागोजीने वीज बंद ठेवली होती. पण संदेशला मोबाइलच्या फोटोत चार्जरचा हिरवा दिवा हवा होता. त्याने आत जाऊन गुपचूप ती चालू केली; गर्दीमागे उभ्या भागोजीला ते दिसलं नाही.

गाऱ्हाणं सावकाश लांबत गेलं, वाडी ‘होय महाराजा’ म्हणत राहिली. संदेशची आई गंगुबाई एका हाताने डबा धरून त्याला कुंकू लावत होती. पायाखाली नुकतंच सारवलेलं ओलं खळं. रावजींनी नारळ थेट डब्याच्या कडेवर हाणला. पाणी आत गेलं. घरात मीटरजवळ खट्ट झालं आणि हिरवा दिवा विझला.

“काय झालं रे?” गंगुबाईने विचारलं. तिचा हात अजून डब्यावरच होता.

भागोजीने गर्दीतून पुढे येऊन तो आधी बाजूला केला.

“ऐन मुहूर्तालाच बंद,” संदेश वैतागला. “स्विचच खराब आहे, दादा. काढून टाकतो.” त्याने भागोजीच्या पिशवीतला स्क्रूड्रायव्हर उचलला.

भागोजी सांगत राहिला: पाणी, लोखंड, काकींचा हात. कुणी ऐकेना. बायका अपशकुनाचं कुजबुजू लागल्या. तेव्हा रावजी खाकरले.

“थांब. मी आत्ता काय मागितलं? या घरच्या बाईमाणसावरचं संकट परस्पर टाळ म्हणून. टळलं का नाही?”

बायकांनी कुजबुज सोडून हात जोडले. मग सगळे एका सुरात म्हणाले, “होय महाराजा.”

भागोजीने गंगुबाईच्या हाताकडे पाहिलं. तीस वर्षांचा ‘नको’ त्याने घशातच ठेवला.

“रावजीकाका म्हणतात ते खरं,” तो म्हणाला. “आता हा स्विच काढणं बरं नव्हे.”

संदेशने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

आठवड्याने खालच्या वाडीतल्या सखारामचा निरोप आला. बागेतल्या पंपाला तसाच स्विच हवा होता, आणि येताना गाऱ्हाण्यासाठी रावजींनाही घेऊन यायचं होतं. भागोजीने मोटरसायकलची मागची सीट पुसली आणि मानकऱ्यांच्या दारी जाऊन उभा राहिला.