भेकराच्या मागे

बोलायच्या आधी तो खाली वाकायचा, चिमूटभर माती उचलायचा आणि खांद्याएवढ्या उंचीवरून सोडायचा. ती कुठल्या बाजूला उडते ते बघायचा आणि मग तोंड उघडायचा. "पहिले वारा देख," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आमच्या गुरांच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसला तरी तेच. तिथे वारा असून असून कुठला असणार? फिरायचा तो फिनाईलचा वास. मी एकदा थट्टेनं विचारलं, आबा, घरात शिरतानाही माती सोडता का? तर गंभीरपणे म्हणाला, "बाई रागमा राहिनी ते सोडस."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जंगलाच्या कडेला आयुष्य काढलेली, उन्हानं काळवंडलेली, बोलायला काटकसरी. आपण त्यांना भोळी म्हणतो आणि मोकळे होतो. मीही तेच करत होतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी धुळ्याचा, वय सव्वीस, नोकरी पशुधन पर्यवेक्षकाची, आणि नेमणूक चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. हातात सुई दिसली की तिथले लोक 'डाक्टर' म्हणायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. आबा भिल्ल होता. साठीच्या पुढचा. डोंगराच्या अगदी कुशीत त्याचं घर, पावसावरची थोडी ज्वारी, दोन बैल, एक गाय. तीच गाय एकदा अडली. वासराचा पाय मागे दुमडलेला. मी दोन तास कोपरापर्यंत हात घालून बसलो आणि दोन्ही जीव वाचले. आबा म्हणाला, मांग काय मांगस ते.

आणि मी काय मागावं? मला एकदा शिकारीला ने म्हणालो. डोंगरमाथ्यावर, तीरकामठ्यानं, हरणाच्या जातीचं काहीतरी मला स्वतःला मारायचंय.

शिकार कायद्यानं बंद होती. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही, सरकारी नोकर होतो मी. आबालाही ठाऊक होतं. गेल्या सहा वर्षांत त्यानं आढ्याला टांगलेलं कामठं खाली काढलं नव्हतं. "आते बंद शे," म्हणाला, आणि उठून गेला. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी त्याला त्याच्या शब्दाची आठवण करून दिली. मांग म्हणाला होतास ना? त्यानं माती उचलली, सोडली, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि हो म्हणाला. कोणी दिलेला शब्द असा पिळून घेतला की तो आपल्याला कधी सुखानं पचत नाही, हे सव्विसाव्या वर्षी कोण सांगणार?

मोह गळायला लागला की भेकरं पहाटे झाडाखाली फुलं खायला येतात, तेव्हा फाल्गुनात जायचं ठरलं. हाती दीड महिना होता. आबानं माझी शाळा सुरू केली.

बांबूचं कामठं, त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. मला वाटलं होतं, ओढलं की झालं. पहिल्या दिवशी वीतभरसुद्धा ओढता येईना. आठ दिवसांत बोटांची सालं निघाली. बांधावर गोवरी टेकवून ठेवायची आणि वीस पावलांवरून मारायची. मी उभा राहून मारायचो, तर तो खांदा दाबून खाली बसवायचा. बसून जमायला लागलं, तर म्हणाला, आता टेकडीवर पळत जा, पळत ये, आणि धाप लागलेली असताना मार. वर गेल्यावर छाती भरून येते, तेव्हा जनावर तुझा दम बसायची वाट बघत थांबणार नाही, असं त्याचं म्हणणं. गोवरीपेक्षा बांधालाच जास्त तीर लागले. तो एकेक तीर उपटून आणायचा, पोलादी टोक वाकलं नाही ना बघायचा, पुन्हा माझ्या हातात द्यायचा. एकदाही चिडला नाही. मी असतो तर पहिल्याच दिवशी शिष्याला हाकललं असतं.

मग साबण बंद केला. वासाचं तेल बंद. "तुना आंगले दवाखानाना वास येस," म्हणाला. माझे कपडे त्यानं आपल्या गोठ्यात नेऊन टांगले. पंधरा दिवसांनी तालुक्याचे साहेब तपासणीला आले आणि माझ्या शेजारची खुर्ची हळूच दोन हात लांब सरकवून बसले. आबाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला. पुढचे दोन दात नव्हते त्याला, त्यामुळे ते हसू एकदम लहान मुलासारखं दिसलं.

चालायलाही त्यानंच शिकवलं. सागाची पानं वाळून पडलेली, पाय टाकला की पापड मोडावा तसा आवाज. वारा आला की पाऊल टाकायचं, वारा थांबला की थांबायचं. दीड फर्लांग जायला दोन तास. माझा जीव मेटाकुटीला यायचा.

एक गोष्ट मात्र त्यानं पुन्हा पुन्हा घोकून घेतली. माझ्या तिरांच्या पिसांखाली त्यानं लाल दोरा गुंडाळला, त्याचे तीर तसेच ठेवले. ज्याच्या तिरानं पहिलं रक्त निघालं, जनावर त्याचं. आधी सुरी त्यानं लावायची, मग बाकीच्यांनी. तोवर कोणी एक तुकडा तोंडात घालायचा नाही. आणि जनावर जखमी होऊन पळालं तर पाठ सोडायची नाही. "ज्यानी रगत काढं, त्यानीच मांगे जानं. दोन दिन लागोत, तीन लागोत." तरुणपणी त्याचा एक तीर सांबराला नीट बसला नव्हता. तो कंटाळून घरी परतला, तर बापानं उंबऱ्यावरूनच मागे फिरवला. चौथ्या दिवशी सांबर सापडलं तेव्हा त्यात किडे पडलेले होते. बापानं त्याला त्या मढ्याजवळ दिवस मावळेपर्यंत बसवून ठेवलं. हे सांगताना आबा माझ्याकडे बघत नव्हता. मी मान डोलावली. समजलं, म्हणालो.

शनिवारी दुपारी आम्ही चढायला लागलो. मी घरी, दवाखान्यात, सगळीकडे एरंडोलला मावशीकडे जातो असं सांगितलं होतं. रविवारी उजाडता उजाडता माथ्यावरच्या एका मोहाखाली आम्ही बसलो होतो. भेकर आलं. नर होता, बारीक शिंगांचा. फूल उचलायचा, मान वर करायचा, पुन्हा खाली घालायचा. माझी छाती इतकी धडधडत होती की त्याला ऐकू जाईल असं वाटलं. आबानं माझ्या पाठीवर एक बोट टेकवलं, म्हणजे थांब. मला धीर धरवला नाही. मी सोडला.

तीर छातीऐवजी मागे लागला. भेकर भुंकल्यासारखं ओरडलं आणि दरीत उतरलं. पानांवर रक्त होतं आणि त्यात हिरवट, चघळलेला चारा. माझा धंदाच गुरांचा. बघताक्षणी कळलं की पोट फाटलंय. अशी जखम लगेच मारत नाही, जनावर दीड-दोन दिवस कुढत मरतं. आबालाही कळलं होतं. त्यानं फक्त एवढंच म्हटलं की पहिले बसू, त्याला आडवं होऊ देऊ. मग आम्ही निघालो. एका पानावर थेंब, पुढे वीस पावलांवर दुसरा. तो वाकून चालायचा, मी मागून. दुपार झाली तेव्हा माझ्या दोन्ही टाचा फुटल्या होत्या, पाणी संपलं होतं आणि डोक्यात एकच किडा वळवळत होता. उद्या सोमवार, घटसर्पाच्या लशीचं शिबिर, साहेब स्वतः येणार. मी नसलो तर विचारपूस होणार, एरंडोलला माणूस जाणार, सगळं बाहेर पडणार.

मी म्हणालो, आबा, मला जावं लागेल.

तो रक्ताच्या थेंबाजवळ उकिडवा बसला होता. त्यानं पुढच्या पानांवरून नजर फिरवली. मग माझ्या पायांकडे बघितलं. "जाय. मी जास त्याना मांगे." मी माझं कामठं आणि उरलेले तीर त्याच्याजवळ दिले आणि उतरलो. घरी येऊन दोनदा साबण लावून आंघोळ केली. खरंच दोनदा केली, अजून आठवतं, आणि किती बरं वाटलं होतं तेही आठवतं.

सोमवारी लशी टोचल्या. साहेब खूश होऊन गेले. मंगळवारी दुपारी जंगलखात्याचा माणूस सायकलवर आला. नाक्याजवळ एक भिल्ल मारलेल्या भेकरासह सापडलाय, तपासणी करून कागद द्यायला चला. आमचे डॉक्टर रजेवर, म्हणजे जाणार मी.

नाक्याच्या ओसरीत आबा बसला होता. हात पुढे दोरीनं बांधलेले. भेकर गोणपाटावर. गळ्यावर सुरीची एकच स्वच्छ खूण, जिवंत सापडल्यावर त्यानं त्याचं दुःख संपवलं होतं. तीर पोटात तसाच, लाल दोऱ्याचा. बाकी अंगाला सुरी लागलेली नव्हती.

आता बघा. भेकर सोमवारीच सापडलं होतं. तो वर माथ्यावर एकटा, दोन दिवसांचा उपाशी. तिथेच भाजून खाल्लं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता, हाडंसुद्धा कोल्ह्यांनी नेली असती. पण तीर माझा होता. पहिली सुरी मी लावायची होती. म्हणून त्यानं ते ओझं खांद्यावर टाकलं आणि मला द्यायला निघाला, सरळ दवाखान्याकडे. नाका चुकवून नाल्यानाल्यानं उतरला, पण दवाखान्याला यायचं तर डांबरी रस्ता ओलांडावाच लागे. तिथे धरला. माझं कामठं त्याच्याजवळ नव्हतं. ते त्यानं वरच कुठेतरी लपवलं होतं. स्वतःचं तेवढं खांद्याला अडकवलेलं.

वनपालानं माझ्यासमोर विचारलं, तीर कोणाचा?

"मना शे," आबा म्हणाला.

बरोबर कोण होतं?

"कोनी नही."

वनपाल माझ्याकडे वळला. ओळखता याला? मी म्हणालो, दवाखान्यात गुरं घेऊन येतो. एवढंच. इतकी वर्षं झाली, ते वाक्य मी हजार वेळा दुसऱ्या तऱ्हेनं बोलून बघितलंय. त्या दिवशी एकदाच बोललो आणि ते असं.

मग तपासणीसाठी मी भेकरावर सुरी चालवली. तेव्हा आबानं हळूच मान हलवली, एखादं काम रीतीप्रमाणे पार पडलं की हलवतात तशी. त्याच्या लेखी तेवढं तरी नीट झालं. मी कागदावर लिहिलं, टोकदार शस्त्रानं पोटास इजा, आणि खाली सही केली. संध्याकाळच्या आत त्यांनी रॉकेल ओतून भेकर जाळलं. एक तुकडा कोणाच्या तोंडी लागला नाही.

त्याला जळगावला तुरुंगात नेलं. जामिनाला उभा राहील असा त्याच्या ओळखीत एकच पगारदार माणूस होता. तो मी. मी उभा राहिलो नाही. लोक विचारतील, तुमचा काय संबंध, ही भीती. एका रविवारी भेटायचं म्हणून जळगावला गेलो, फाटकापर्यंत पोचलो, तिथून परत फिरलो आणि मेहरूणच्या तलावाच्या काठानं उगाच दोन तास चालत राहिलो. येणारी बस धरली आणि परत आलो. अडीच महिन्यांनी त्याच्या भावकीतल्या कोणीतरी जामीन दिला. तोवर मी बदली मागून एरंडोलला आलो होतो. म्हणजे ज्या गावी गेलो असं खोटं सांगितलं होतं, तिथेच. आषाढात त्याला ताप भरला, आणि खटला उभा राहायच्या आत तो गेला. मला हे कळलं ते दिवाळीच्या सुमारास, बाजारात.

त्यानंतर मी एकदाच त्याच्या घरी गेलो. त्याची बाई अंगणात ज्वारी पाखडत होती. मी ओळख द्यायच्या आतच तिनं ओळखलं, खाट टाकली, पाणी दिलं. मी म्हणालो, अक्का, मला यायला उशीर झाला. तिनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि चूल पेटवली. ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा माझ्यापुढे ठेवला.

मी पहिला घास मोडला तेव्हा ती समोर बसली. रडत नव्हती. म्हणाली, "भाऊ, त्यानी माले सांगेल शे. डाक्टर मन्हासाठे साहेबलोकेसना संगे भांडना, म्हनीसन मी सुटनू. डाक्टर घर उना ते त्याले भूका जाऊ देऊ नको."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल नुसता मान होता. मरता मरता तो घरात हे सांगून ठेवून गेला होता, मी कधी आलोच तर मला त्या उंबऱ्यात तोंड दाखवता यावं म्हणून. अक्का, मी भांडलो नाही, मी सही केली, एवढं बोलायचं होतं. तेवढंही तोंडातून निघालं नाही. तिनं दुसरी भाकर वाढली, आणि ती मी खाल्ली.