ढमढम पेटीची जागा

पेट्या केव्हाच गेल्या, प्लायवूड वाळवीनं खाल्लं, किस्से मात्र वाढतच गेले. लग्नात भेटा नाहीतर बाराव्याला, कुणीतरी म्हणतंच, "मास्तर, त्या पेटीचं सांगा की!" आणि एक सांगितला की त्याच्या मागं दुसरा उभाच असतो.

आता तिला सबवूफर म्हणतात. ऐंशीच्या आसपास बेळगावात आम्ही ढमढम पेटी म्हणायचो. बारा इंची वूफर, जाड पेटी, आणि फक्त खालचा जाड आवाज, म्हणजे बेस, तिच्याकडं पाठवणारी, हातानं गुंडाळलेली कॉइल. कॉइल यशवंतअण्णांची. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, गाव येळ्ळूर. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबलेले. अण्णा त्यांच्या घराण्यातले पहिले मॅट्रिक. पेटी सुभाषची. तो मच्छे गावातल्या कारखान्यात कामाला, पण हात सुताराचा. मी शाळामास्तर. माझं काम ऐकायचं!

*

पहिली पेटी सुभाषच्याच घरात लावली. कोपऱ्यात ठेवली तर भांडी हादरायची आणि आम्ही बसायचो तिथं बेसच नाही.

अण्णांनी पेटी उचलून आमच्या बसायच्या खुर्चीवर ठेवली. कॅसेट लावली आणि स्वतः भिंतीकडेनं रांगत निघाले. जमिनीला कान लावून, थांबत थांबत. जिथं बेस नीट ऐकू येईल, तिथं पेटी ठेवायची, असा हिशेब.

सुभाषची आई दारात येऊन बघत राहिली. "काय हरवलंय रं?"

"बेस हरवलाय, मावशी."

"मग उठ. मी केरसुणी आणते, कपाटाखाली असंल!"

सापडला तो कपाटाजवळच.

*

दुसरी पेटी जोडली तर आवाज दुप्पट व्हायच्या ऐवजी कमी झाला. दोन्ही पेट्या चालू, आणि बेस गायब!

तीन रविवार आम्ही पेट्या हलवल्या. शेवटी अण्णा वैतागून म्हणाले, "सुभाष, तुझी पेटीच गळतीय. सांधा नीट बसला न्हाय."

सुभाष दोन रविवार आलाच नाही. मी घरी गेलो तर नवी पेटी अंगणात, आणि शेजारी कुऱ्हाड.

मी अण्णांना जाऊन सांगितलं. अण्णा तसेच सायकलवर निघाले. पेटी आत आणली, जोडायला गेले, आणि मागच्या दोन वायरी बघून खालीच बसले. प्लस-मायनस उलटं जोडलेलं. एक पेटी हवा पुढं ढकलायची, त्याच वेळी दुसरी मागं ओढायची. वायरी जोडल्या होत्या अण्णांनीच.

त्यांनी त्या फिरवल्या. खोली भरून बेस आला.

"पेटी सरळ हाय," अण्णा म्हणाले. "उलटा मी हुतो."

सुभाषनं कुऱ्हाड आत नेऊन ठेवली.

*

बेळगुंदीच्या एका भजनी आप्पांच्या घरी दोन पेट्या बसवल्या. पखवाज सुरू झाला की कुठून तरी झर्रर्र व्हायचं. खिडक्या दाबल्या, ट्रंक हलवली. सुभाषनं वर बघितलं. भिंतीवर एका तरुण मुलाचा फोटो होता, हार घातलेला. काच फ्रेममध्ये थरथरत होती.

सुभाषनं फोटो काढायला हात वर केला.

"फोटो काढू नका," आप्पांची बायको म्हणाली. "पेटी काढा."

आप्पा मान खाली घालून बसले. अण्णांनी अँप्लिफायर बंद केला. हळूच विचारलं, "आक्का, कापडाचा एखादा तुकडा मिळंल काय? काच आणि चौकटीमधी घालतो. फोटो जागेवरच ऱ्हाईल."

ती आतून पोराचा जुना शर्ट घेऊन आली. बाहीचा तुकडा स्वतः फाडला, घडी केली. फोटो भिंतीवर तसाच ठेवून सुभाषनं ती घडी कडेनं सारली.

"आता वाजवा," ती म्हणाली. "मोठ्यानं वाजवा."

*

एका रविवारी सुभाष म्हणाला, "अण्णा, ह्या भजनातले टाळ का काढले?"

मी अण्णांकडं बघितलं. टाळ खणखणीत वाजत होते!

"वायर सैल झाली असंल," अण्णा म्हणाले. उगीच उठून मागं हात घालून आले.

सोमवारी दुकान बंद ठेवून त्यांनी सुभाषला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. कारखान्यातल्या हातोड्यांनी बारीक आवाज खाऊन टाकले होते. ते परत येणार नव्हते.

सुभाष माझ्याकडं आला. म्हणाला, "मास्तर, वायर सैलच हुती. पण माझ्यातली."

अण्णांनी तिसरी पेटी त्याच्या खुर्चीमागं ठेवली. मृदंग तरी पाठीत वाजू दे, म्हणाले.

*

निपाणीचं राहिलं. तंबाखूच्या वखारीचे एक मालक. त्यांना चार कोपऱ्यांत चार पेट्या पाहिजे होत्या. सुभाषला सुट्टी नव्हती, म्हणून अण्णा आणि मी गेलो.

दारातच दिवाणजी अण्णांना म्हणाले, "तुम्ही हितं सोप्यात बसा. काय हलवायचं ते सांगा, गडी हलवतील." मला आत खुर्ची दिली. अण्णा बौद्ध, हे दिवाणजींना कुणीतरी आधीच सांगितलेलं. मी आत गेलो आणि बसलो. हा भाग मला आजही हसत सांगता येत नाही. अण्णांचा चहा वेगळ्या ग्लासातून आला. तो त्यांनी घेतला नाही.

दोन तास ते बाहेरच्या ओसरीवरून सांगत राहिले. "डावी एक हात पुढं. मागची जरा फिरवा. बास."

मालक येऊन आपल्या खुर्चीत बसले. बेस नाही! "पेट्या चालू हायत काय?" म्हणत सोप्यात गेले, तर तिथं बेस नुसता घुमत होता.

"अहो, आवाज सगळा बाहेर हाय!"

"व्हय," अण्णा म्हणाले. "ऐकणाऱ्याच्या जागेवरनंच लावावा लागतोय. मला जिथं बसवलासा, तिथला लागला."

एसटीनं परत आलो. बेळगाव स्टँडवर उतरल्यावर मी म्हणालो, "अण्णा, मी बसायला नको हुतं."

"मास्तर, तुमच्या खुर्चीत बेस हुता काय?"

"नव्हता."

"मग झालं तर!"

आठ दिवसांनी मालक स्वतः जीप घेऊन दुकानात आले. "चला," एवढंच म्हणाले. अण्णांनी मलाही बोलावलं.

सोपा ओलांडून अण्णा आत गेले. मालकांच्या खुर्चीत बसले. पेट्या हलवल्या, परत बसले, परत हलवल्या. मग कॅसेट लावायला सांगून डोळे मिटले.

चहा आला. तबकात तीन कप, एकसारखे. मालकांनी एक उचलून अण्णांपुढं धरला. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. कॅसेटची बाजू संपेपर्यंत मालक कप हातात धरून उभे होते.