मेटल गाणं आणि आबांची अहिराणी

ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बेसगिटारच्या जागी पेटी होती. माझा मोठा भाऊ जळगावला इंजिनिअरिंगला होता आणि मी नशिराबादला नववीत. त्याच्या कॉलेजच्या गॅदरिंगला आई मला घेऊन गेली. भाऊ आणि त्याचे मित्र स्टेजवर चढले. दोन गिटारी, उसना आणलेला ड्रमसेट, आणि बेस वाजवणारं कुणी नाही म्हणून भजनी मंडळाकडून मागून आणलेली पेटी. गाणं परदेशातलं, मेटल नावाच्या प्रकारातलं, आमच्या जन्माआधीचं. गाणाऱ्याला निम्मेच शब्द पाठ होते. उरलेल्या ठिकाणी तो नुसताच ओरडत होता. मुलांना नाचायचं होतं आणि या गाण्यावर नाचता येईना. शेवटी मागच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू झाल्या.

मला मात्र ते भयंकर आवडलं. परत येताना बसमध्ये मी भावाला अर्थ विचारला.

"मोठी माणसं खुर्चीत बसून लढाई ठरवतात," तो म्हणाला, "आणि मरायला गरिबांच्या पोरांना पाठवतात. त्याचा राग आहे त्यात."

"मग सरळ तसं सांगायचं ना. ओरडतात कशाला?"

"राग आल्यावर तू हळू बोलतेस का?" आई मध्येच म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो.

मूळ गाणं बऱ्याच वर्षांनी ऐकलं. खरं सांगायचं तर जरा हिरमोड झाला, कारण त्यात पेटी नव्हती. पण फोन हातात आल्यावर कळलं की हे गाणं जगभर लोकांनी आपापल्या परीनं गायलंय. कुणी दुप्पट वेगानं, कुणी नुसत्या व्हायोलिनवर, कुणी चर्चमधल्या गाण्यासारखं संथ. एका बँडनं लग्नातल्यासारखी पितळी वाद्यं लावली होती. जिथे लढाई लागते तिथली पोरं ते नव्यानं गातात, असंही दिसलं. मला त्याचा छंदच लागला. लग्न होऊन मी धुळ्याला देवपुरात आले, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवू लागले, मुलगी झाली, ती शिकायला पुण्याला गेली. छंद राहिला. रविवारी सकाळी घरातली मंडळी बाहेर असली की मी स्वयंपाकघरात फोन लावून ठेवायची.

अशाच एका रविवारी मी भरितासाठी वांगी भाजत होते आणि आबा दारात येऊन उभे राहिले. आबा म्हणजे माझे सासरे. मूळचे साक्रीकडचे, कोरडवाहू शेतीतून पायदळात गेलेले. लढाई त्यांनी पाहिली होती, पण घरात कुणाला तिच्याबद्दल कधी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारत नसू. माझ्याशी ते एरवी शहरी मराठीत बोलायचे. मनातलं काही बोलायचं असलं की अहिराणीत.

"हाई काय आरडी राहिनात वं माय?" त्यांनी विचारलं.

मी घाईनं आवाज बंद केला. लढाईला शिव्या घालणारं गाणं फौजी माणसाला कसं सांगायचं? पण ते स्टुलावर बसले, म्हणजे उत्तर घेतल्याशिवाय उठणार नव्हते. मग मी एकेका कडव्याचा अर्थ सांगितला. वांग्यांवर नजर ठेवूनच सांगितला, त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

आबांनी स्टूल जरा पुढे ओढलं. मग म्हणाले, "खरं शे."

मी गॅस बारीक केला.

"आम्हना संगे एक जण व्हता. सोनगीरकडला. चांगला गायचा. त्याले घर जायचं व्हतं, बस. दुसरं काहीच नही." त्यांनी फोनकडे बोट केलं. म्हणाले, "लाव परत."

त्या दिवसापासून आमचे रविवार बदलले. मी एकेक आवृत्ती लावायची आणि आबा निकाल द्यायचे. वेगवान आवृत्ती ऐकून म्हणाले, "याले कसानी घाई शे? गाडी सुटी राहिनी का?" व्हायोलिनवाली त्यांना आवडली, पण शब्द नसल्यामुळे अर्धवट वाटली. मग मी एक बायकांची आवृत्ती लावली. वीस-पंचवीस बायका, वाद्य एकही नाही, नुसता आवाज आणि पायांचा ठेका. ती त्यांनी लागोपाठ परत परत ऐकली.

"बायाच म्हनतीन हाई गानं," ते शेवटी म्हणाले. "आपली बोलीमा."

मला वाटलं, बोलून विसरतील. ते विसरले नाहीत. पुढचे कितीतरी दिवस ते अंगणात येरझारा घालत पुटपुटत होते. मी दिलेल्या अर्थातलं त्यांनी काही ठेवलं, काही सोडलं, आणि स्वतःचं भरलं. मुखडा तर पूर्ण त्यांचाच होता:

नकाशावर बोट ठेवस कोनी,
त्या बोटखाले मन्हं गाव शे.

चालीसाठी मी भावाला बोलावलं. तो आता जळगावला ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो, केस पांढरे झालेत, पण गिटार आहे. त्यानं मूळ सुरावट जात्यावरच्या ओवीच्या लयीत बसवून बघितली आणि ती सहज बसली. तो इतका खूश झाला की जेवायचंच विसरला.

गायला कोण? आबा स्वतः जाऊन सोनगीरच्या त्या, लढाईतून न परतलेल्या मित्राच्या पत्नीला भेटून आले. त्या आता धुळ्यातच मुलाकडे राहतात. सगळे त्यांना अक्का म्हणतात. आपण कधी गायलो नाही म्हणाल्या, पण आल्या. येताना आणखी चार-पाच जणी घेऊन आल्या. कुणाचे पती फौजेत होते, कुणाचा मुलगा आजही आहे. दुपारी आमच्या बैठकीत सराव चाले, मी चहा करी आणि मागून सूर धरी. एके ठिकाणी आबांनी 'माय रडस' असं लिहिलं होतं. अक्का तिथे थांबल्या.

"भाऊ, मी रडनू नही," त्या आबांना म्हणाल्या. "मन्हाकडे टाइम नव्हता. दोन पोरे व्हतात, म्हैस व्हती." आबांनी ती ओळ तिथेच बदलली. 'माय म्हैस दोहस' अशी झाली, आणि त्या ओळीला ठेका जास्त चांगला बसला.

माजी सैनिकांच्या मेळाव्यात ते गायचं ठरलं तेव्हा माझ्या नवऱ्याचा जीव खाली-वर झाला.

"आबा, तिथे देशभक्तीची गाणी असतात. लोक काय म्हणतील?"

"लोके काय म्हनतीन? त्या बठ्ठा तठे व्हतात," आबा म्हणाले. बठ्ठा म्हणजे सगळेच, आणि तठे म्हणजे लढाईवर.

मेळाव्याला हॉल भरलेला होता. भावानं गिटारवर सुरुवातीची ती जड तान काढली तशा पुढच्या रांगेतल्या माना वर झाल्या. मग अक्कांनी पाय आपटून ठेका धरला आणि आम्ही गायलो. अक्कांचा आवाज एकदाही हलला नाही. गाणं संपलं तेव्हा टाळी नाही, काही नाही. माझ्या मनात आलं, झालं, आता आबांना काहीतरी ऐकून घ्यावं लागणार.

पुढच्या रांगेतले एक निवृत्त सुभेदार उठले. छातीवर पदकं होती. अक्कांकडे बघत म्हणाले, "पुन्हा म्हणा. या वेळी आम्हीही म्हणतो." आणि दुसऱ्यांदा मुखड्याला सगळा हॉल होता. कुणी सुरात, बरेचसे बेसूर. आबा खुर्चीत ताठ बसून मांडीवर ताल देत होते. मी त्यांना इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं.

नंतर चहाच्या वेळी सुभेदारांनी विचारलं, "लिहिलं कुणी हे?"

"परदेशना पोरेस्नी," आबा म्हणाले. "आम्ही नुसतं घर आनं."

कुणीतरी फोनवर ते टिपलं होतं. आता ते कुठे कुठे फिरतं. मुक्ताईनगरकडच्या काही कॉलेजच्या पोरांनी ते त्यांच्या बोलीत, ड्रम लावून, जोरात गायलंय. आबांनी ऐकलं, "घाई शेच," म्हणाले, पण पूर्ण ऐकलं.

बायका अजूनही आमच्याकडे जमतात. गेल्या आठवड्यात अक्कांनी विचारलं, त्या परदेशातल्या पोरांनी आणखी काय काय गायलंय? मी तीन-चार गाणी लावली. एक त्यांना आवडलं, त्याची चाल आता भाऊ बसवतोय. बाकीच्या गाण्यांनी डोकं उठतं म्हणाल्या, आणि शेंगा फोडायला घेतल्या.