झोपलेल्या नवऱ्याशी बोलणारी

घाईबाई निवांत बसलेली कुणी पाहिली नव्हती. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, आणि कुणी फारच आग्रह केला तर खुर्चीच्या कडेला टेकायची ती अशी, की बोलणाऱ्यालाच वाटावं आपण हिला अडवून ठेवलंय. हे नाव तिला बाटल्यांच्या कारखान्यातल्या बायकांनी ठेवलं आणि ते असं चिकटलं की विचारायची सोय नाही. हिचं खरं नाव हिच्या नवऱ्याला तरी आठवत असेल का, अशी चेष्टा चालायची. चेष्टाच ती, पण अगदी बिनबुडाची म्हणता येणार नाही. नवऱ्याला तिला हाक मारायची वेळ येतच नसे.

ते कसं, ऐका. कारखान्यात काचेची भट्टी होती, आणि काचेची भट्टी विझवत नाहीत. विझली की आतली काच थिजून बसते आणि भट्टी कामातून जाते. त्यामुळे भट्टीला रात्र नाही, सुट्टी नाही, आणि तिच्यापुढं उभं राहणाऱ्या माणसांच्या झोपेचा विचार करायचं तिला काही कारणही नाही. घाईबाईचा नवरा त्या भट्टीवर, कायमचा रात्रपाळीला. ही दिवसपाळीला, तपासणीच्या पट्ट्यावर. पुढून बाटल्या सरकत यायच्या, मागं दिवा लावलेला, तडा किंवा बुडबुडा दिसला की बाटली उचलून टोपलीत टाकायची. मुलगी झाली तेव्हा दोघांनी ठरवून अशा उलट्या पाळ्या मागून घेतल्या. एक कामावर, एक घरी. पोर कधी उघड्यावर पडलं नाही, हे मात्र खरं.

पाळ्या बारा-बारा तासांच्या. नवरा-बायको भेटायची ती कारखान्याच्या फाटकात, तो बाहेर पडताना आणि ती आत शिरताना. तेवढा वेळ शेजारीण पोरीकडे बघायची. "ताप उतरलाय." "तेल संपलं." "तुझ्या भावाचा निरोप होता, विसरलो काय ते." एवढ्यावर संसार चालला, आणि चांगला चालला. तिच्या सुट्टीच्या दिवशी तो घरात असायचा, पण झोपलेला. त्याच्या सुट्टीच्या रात्री ती घरात, पण झोपलेली. एकाच पलंगाला एकच खड्डा पडला होता, मधोमध, आणि तो दोघांनीही आपापल्या वेळी वापरला.

तिच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिनं कपाळावर हात मारला असता. आजी शेतावरची. उजाडलं की उठायचं, अंधारलं की आडवं व्हायचं, घरात घड्याळ नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. नवरा-बायको दिवसभर एकाच बांधावर, एकमेकांच्या पायात. आजी वैतागून म्हणायची, हा माणूस चार दिवस कुठं गावाला गेला तर माझ्या जिवाला जरा थंडावा. मग आई शहरात आली, लोकांच्या घरी कामाला लागली आणि मालकिणीच्या घड्याळावर जगली. घाईबाईच्या वाट्याला कारखान्याचा भोंगा आला. आजीला नवऱ्यापासून सुटका हवी होती, नातीनं पोरीसाठी पाळी मागितली आणि ती सुटका तिला न मागता मिळाली. अशा गोष्टी कुणी मागून घेत नाही, जग बदलतं आणि आपल्या पदरात टाकून पुढं जातं.

आणि माणूस कशातूनही वाट काढतो. घाईबाईनं एक सवय लावून घेतली. सुट्टीच्या दुपारी ती पलंगाच्या पायथ्याशी कपड्यांचा ढीग घ्यायची आणि घड्या घालता घालता झोपलेल्या नवऱ्याशी बोलायची. सगळं सांगायची. पट्ट्यावरचा मुकादम कसा खेकसला, पोरीचं गणित कसं कच्चं, आपल्याला पुन्हा दिवस गेले होते आणि मूल राहिलं नाही, हेसुद्धा तिनं त्याला असंच सांगितलं, टॉवेलाची घडी घालताना. तो भिंतीकडे तोंड करून घोरत असायचा. उत्तराची तिला सवयच नव्हती. बोलून झालं की मन हलकं व्हायचं आणि ती पुढच्या कामाला पळायची. जगात आपलं ऐकून घेणारं माणूस आहे, असंच तिला वाटायचं.

मग बाटल्या प्लास्टिकच्या झाल्या. आधी तेलाच्या, मग औषधाच्या, मग सगळ्याच. मालकानं थोडे दिवस रेटलं आणि एका सकाळी भट्टीचं इंधन बंद केलं. भट्टीवरची माणसं कितीतरी दिवस रोज जाऊन बघून यायची, निवली का म्हणून. निवली. घाईबाईचा पट्टा तर आधीच थांबला होता. घाईबाईचा नवरा बाहेरच्या विटांना हात लावून आला आणि घरी येऊन खुर्चीत बसला. भर दुपारी. जागा.

तिथून घाईबाईचे हाल सुरू झाले.

दोन खोल्यांच्या घरात एक अनोळखी माणूस राहायला आला होता. तो दातांतल्या दातांत काहीतरी गुणगुणायचा, एकच ओळ, पुन्हा पुन्हा. एक घास इतका चावायचा की तिचं जेवण होऊन भांडी घासून व्हायची. ती चप्पल घालायला लागली की "कुठं चाललीस?" विचारायचा. साधा प्रश्न, पण इतक्या वर्षांत तिला तो कुणी विचारला नव्हता, आणि तिला चोरी पकडल्यासारखं व्हायचं. "भाजी आणायला," ती म्हणायची. भाजी घरात असायची. मग खरंच जाऊन आणावी लागायची. घरात दोडक्यांचा ढीग झाला.

रात्री तर विचारू नका. पलंगावर दोघं, आणि खड्डा एक. त्याचं शरीर अजून रात्रपाळीवर, तो उठून स्वयंपाकघरात फेऱ्या मारायचा, डबे उघडायचा, लावायचा. ती कुशीवर कुशी बदलायची. सकाळी दोघंही डोळे चोळत चहा प्यायची आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही. फाटकातले निरोप संपले होते. तेल संपलं, हे तर दोघांनाही दिसत होतं.

न राहवून ती चार दिवस लेकीकडे गेली. लेक आणि जावई घरूनच काम करायचे, परदेशातल्या कंपन्यांचं. जेवायच्या टेबलाच्या दोन टोकांना दोघं, कानाला हेडफोन, दोघांच्या कानांत दोन वेगळे देश, आणि त्या देशांच्या वेळेप्रमाणे त्यांची भूक आणि झोप. दिवसभर एका खोलीत असून एकमेकांना चहा हवा का हेसुद्धा मोबाइलवर विचारायचे. घाईबाई दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत चालत राहिली. शेवटी लेकीनं एक कान मोकळा केला.

"आई, काय झालंय तुला? बाबांशी बिनसलंय का?"

"बिनसायला आधी जुळावं लागतं बाई," घाईबाई म्हणाली. "माणूस चांगलाच आहे. मला त्याच्याशी राहता येत नाही, एवढंच."

लेकीला हसू आलं, पण तेवढ्यात तिच्या दुसऱ्या कानात कुणीतरी बोलायला लागलं. घाईबाईनं पिशवी उचलली आणि परत आली.

आली त्या दुपारी घर शांत होतं. नवरा पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, त्यानंच वाळवून आणून टाकलेला. तिला इतकं बरं वाटलं की पिशवीसुद्धा नीट न ठेवता ती पायथ्याशी उभी राहिली, पहिला सदरा हातात घेतला आणि तोंड सुरू झालं.

लेकीच्या घरचं सांगितलं, हेडफोनचं सांगितलं. मग मनात होतं ते आलं. "खरं सांगू का? तुम्ही झोपलेले असता ना, तेव्हा माझे असता. जागे झालात की कुणी पाहुणा आलाय असं वाटतं, आणि हा पाहुणा काही जायचं नाव घेत नाही. मला भीती वाटते तुमची. काय बोलू, कुठं उभी राहू, कळत नाही. रात्रपाळी होती तेच बरं होतं. असं वाटतं की उठून कुठंतरी निघून जावं." सदरा, चादर, उशीचे अभ्रे. ढीग संपला. तो हलला नाही. किती दिवसांनी तिचा जीव हलका झाला आणि ती स्वयंपाकाला लागली.

दुसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली आणि बाहेर पडला. दोन-तीन दिवस असाच कुठं कुठं जात राहिला. मग एका संध्याकाळी निळा गणवेश घेऊन आला. शहराबाहेर मोठं गोदाम झालं होतं. लोक घरबसल्या मोबाइलवर सामान मागवतात, ते तिथून रात्रभर गाड्यांत भरून निघायचं. तिथं रखवालदार हवा होता.

"रात्रपाळी आहे," तो गणवेशाची घडी उलगडत म्हणाला. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. "तुला बरं पडेल."

घाईबाईच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. तुला बरं पडेल. म्हणजे त्या दुपारी तो जागा होता. भिंतीकडे तोंड करून एक एक शब्द ऐकत पडून राहिला होता, आणि ऐकून घेऊन, एका शब्दानं उलट न बोलता, तिला तिचा झोपलेला नवरा परत आणून द्यायला निघाला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "डबा किती वाजता लागेल?"

तर मग सगळं पूर्वीसारखं झालं. तो सकाळी यायचा, जेवायचा, झोपायचा. घर तिचं, पलंग तिचा, कुठं चाललीस विचारणारं कुणी नाही. "सुटलीस बाई," शेजारीण म्हणाली. "आमचे हे तर दिवसभर टीव्हीपुढं." घाईबाई हो हो म्हणाली. रात्री मात्र तिचा डोळ्याला डोळा लागेना, आणि दिवसा पाय एका जागी ठरेनात. भाजीला निघायची आणि कोपऱ्यावरून रिकामी परत यायची. हा माणूस माझ्या बोलण्यानं घराबाहेर गेला, हे तिच्या मनातून जाईना. त्याहून वाईट म्हणजे ते गुणगुणणं आता नव्हतं, आणि ते नाही हे तिला सारखं ऐकू येत होतं.

एका दुपारी ती कपडे घेऊन पायथ्याशी उभी राहिली. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. एक सदरा झाला, दुसरा झाला, शब्द फुटेना. जे सांगायचं होतं ते झोपलेल्या माणसाला सांगून भागणार नव्हतं. ती दारापर्यंत गेली, चप्पल घातली, काढली, परत आली. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला उठवणं म्हणजे केवढं पाप, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं त्याचा खांदा धरून गदागदा हलवलं.

तो धडपडत उठून बसला. "काय झालं? पोरीचं काही?"

"कुणाचं काही नाही. मला बोलायचंय."

"किती वाजले? उशीर झाला का?" त्याचा हात गणवेशाकडे गेला.

"अहो, बसा. उशीर नाही झाला. त्या दिवशी मी बोलले ते तुम्ही ऐकलंत."

"हं."

"मग तेव्हाच उठून भांडला का नाहीत?"

त्यानं पांघरूण बाजूला केलं. "मध्ये बोलायची सवय नाही गं मला. तू बोलतेस, मी पडून असतो. आपलं तसंच आहे ना."

घाईबाईला त्याचा रागच आला. "मी बोलले ते खरं होतं," ती म्हणाली. "भीती वाटते मला तुमची. वाटू दे. पण ती नोकरी सोडा आणि घरी राहा. माझ्यासाठी घराबाहेर राहू नका."

"तुझ्यासाठी घेतली असं वाटलं होय तुला?" तो म्हणाला. "अर्धी तुझ्यासाठी. मलाही तुझी भीती वाटते. तू घरभर फिरतेस, आणि मी कुठं बसू तेच कळत नाही. जिथं बसावं तिथला केर काढायला येतेस. गोदामात निदान माझी खुर्ची ठरलेली आहे."

"मी केर काढायला येते? तुम्ही दिवसभर एकच ओळ गुणगुणता त्याचं काय?"

"कुठली ओळ?"

"कुठली ओळ म्हणे. आणि जेवताना तो एक एक घास..."

"घासाचं काय आता?"

ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं. शेजारणीनं आवाज ऐकून टीव्ही बारीक केला. त्या न राहिलेल्या बाळाचा विषय निघाला तेव्हा मात्र दोघांचाही आवाज उतरला. "टॉवेल होता तुझ्या हातात," तो म्हणाला. "मी काय बोलणार होतो? मी झोपल्याचं सोंग केलं." त्यावर ती रडली, आणि रडून झाल्यावर पुन्हा भांडली, कारण हे त्यानं इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

त्याची निघायची वेळ झाली. त्यानं गणवेशाचा सदरा चढवला, दाराशी गेला, कडी काढली. मग कडी परत लावली आणि पलंगावर येऊन बसला.

"हं, बोल," तो म्हणाला. "कुठवर आलो होतो आपण?"